हरलेल्याची सही: लोकशाही शासनाची लक्षणं आणि गुण

प्रश्न थोडक्यात असा आहे: लोकशाही शासनाची आवश्यक लक्षणं कोणती आणि तिचे गुण कोणते? विचारणाऱ्याने पुढे प्रामाणिकपणे लिहिलंय की नोट्समधले चौदा मुद्दे पाठ आहेत, पण दोन गोष्टी काही केल्या डोक्यात बसत नाहीत. निवडणुका तर हुकूमशहाही घेतो, मग फरक कुठे राहिला? आणि एकहाती कारभारात कामं झपाझप होतात, लोकशाहीत फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. मग गुण म्हणायचा तो कशाला?

ते चौदा मुद्दे मीही राज्यशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर उतरवून दिले आहेत. लोकांचं सार्वभौमत्व, प्रौढ मताधिकार, कायद्याचं राज्य, मूलभूत हक्क, स्वतंत्र न्यायव्यवस्था, एकापेक्षा जास्त पक्ष, आणि असंच पुढे. त्यात चूक काही नाही. अडचण एवढीच, की हजेरीपटावरच्या नावांसारखे ते एकाखाली एक येतात आणि कुठला मुद्दा काढून घेतला तर बाकीचे कोसळतील हे कळत नाही. म्हणून मी सुरुवात दुसरीकडून करतो.

शिकवण्याच्या जोडीला मतदान केंद्रावर आणि मतमोजणीच्या टेबलावर बसण्याची ड्यूटी मी अनेकदा केली आहे. त्यातला एक प्रसंग. लढत अटीतटीची होती. शेवटच्या फेरीनंतर फरक इतका थोडा निघाला की फेरमोजणी मागितली गेली, आणि ती मिळालीही. रात्र झाली. फेरमोजणीत आकडे दोनचार मतांनी इकडचे तिकडे झाले, निकाल तोच राहिला. हरलेल्या उमेदवाराचा प्रतिनिधी सकाळपासून पाण्यावर होता. आकड्यांचा तक्ता त्याने एकेका रकान्यावर बोट ठेवत वाचला, बेरीज स्वतः करून पाहिली. मग खिसे चाचपले. पेन सापडेना, तेव्हा शेजारी बसलेल्या जिंकलेल्या बाजूच्या प्रतिनिधीकडे हात पुढे केला, त्याचं पेन घेतलं, सही केली आणि चकार शब्द न काढता उठून गेला.

ही सही हुकूमशाहीत मिळत नाही. तिथे हरणारा एक तर रिंगणातच नसतो, आणि असलाच तर त्याच्या सहीवाचून कुणाचं अडत नाही. त्यानंतर मी वर्गात पहिल्याच तासाला विचारायला लागलो: त्या माणसाने सही का केली असेल? चौदापैकी जो मुद्दा या प्रश्नाच्या उत्तरात कुठेतरी बसतो, तो आवश्यक लक्षण समजा. जो बसत नाही तो बहुधा शोभेचा.

पहिलं कारण, त्याच्या माणसांनी सकाळी रिकामी पेटी पाहिली होती. मतदान सुरू होण्याआधी मतपेटी उघडायची, उलटी करून सगळ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवायची, मग त्यांच्या डोळ्यांदेखत सील करायची. यंत्र असेल तर आधी नमुना मतदान घ्यायचं, आकडे जुळवून दाखवायचे आणि ते पुसून यंत्र शून्यावर आणायचं. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं कर्मकांड वाटतं. पण ही पद्धत उभी आहे ती कुणावरही विश्वास न ठेवण्यावर. केंद्रावरचा अधिकारी सज्जन आहे की नाही, हे तिला विचारावंच लागत नाही. तो बदमाश निघाला तरी प्रतिस्पर्ध्याच्या नजरेसमोर त्याला काही करता येऊ नये, एवढी तजवीज ती करते.

गुप्त मतदान आता इतकं अंगवळणी पडलंय की ते कुणाला तरी शोधून काढावं लागलं होतं, हे लक्षात येत नाही. १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी तो कायदा केला. ब्रिटनमध्ये तेव्हा मतदार चारचौघांत तोंडाने उमेदवाराचं नाव सांगत असे, आणि ज्याची जमीन तो कसत असे तो मालक ते ऐकत उभा असे. तिथे कायदा व्हायला १८७२ उजाडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॉन्टेफ्रॅक्ट नावाच्या गावात पोटनिवडणूक झाली, तिथे पहिल्यांदा चिठ्ठी घडी करून पेटीत टाकली गेली. पेटीच्या लाखेवर उमटवायला शिक्का हवा होता, तर गावातल्या ज्येष्ठमधाच्या वड्यांच्या कारखान्यातला शिक्का वापरला. ती पेटी आजही तिथल्या संग्रहालयात आहे, लाखेवरच्या खुणेसकट. एवढ्या साध्या उपायाने मालकाचा कान बंद झाला. नुसता मताधिकार होता तोवर कुळाच्या हाती मत होतं, पण ते मत त्याचं नव्हतं.

मत कुणाला, याचा इतिहासही डोळे उघडणारा आहे. १८३२ पर्यंत इंग्लंडमधल्या ओल्ड सेरम या जवळजवळ निर्मनुष्य टेकाडाला पार्लमेंटमध्ये दोन जागा होत्या, आणि वाढत्या औद्योगिक शहरांना एकही नव्हती. देशातल्या सगळ्या स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा पहिला मान न्यूझीलंडकडे जातो, १८९३ मध्ये. ब्रिटनने १९१८ मध्ये तिशी ओलांडलेल्या काही स्त्रियांना मत दिलं आणि पुरुषांच्या बरोबरीने १९२८ मध्ये. फ्रान्सने १९४४ मध्ये. म्हणजे लोकशाहीची माहेरघरं म्हणून आपण ज्यांची नावं घेतो, त्यातली बरीचशी परवापरवापर्यंत अर्धीच लोकशाही होती. प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सचंही तेच. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक सभेच्या बाहेर.

दुसरं कारण. त्या रात्री त्याच्या दारावर थाप पडणार नव्हती. हरला म्हणून नोकरी जाणार नव्हती, भावाला उचलून नेणार नव्हते, त्याच्या पक्षाच्या कचेरीला टाळं लागणार नव्हतं. पुस्तकात याला भाषणस्वातंत्र्य, संघटनास्वातंत्र्य आणि विरोधी पक्षाला मान्यता अशी तीन वेगळी नावं आहेत. मला वाटतं, शेवटचं सगळ्यांत विलक्षण आहे. ब्रिटनमध्ये १९३७ च्या कायद्याने विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार सुरू झाला. जरा थांबून विचार करा. सरकारला खाली खेचण्याच्या कामावर असलेल्या माणसाला सरकारी खजिनाच पगार देतो, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. राजेशाहीत ज्या कामाला फाशी होती, त्याला इथे पद मिळालं.

हुकूमशहाच्या निवडणुकीचं कोडं इथेच सुटतं. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकमध्ये सद्दाम हुसेन यांच्यासाठी सार्वमत झालं. सरकारी आकडा असा, की शंभर टक्के मतदान आणि शंभर टक्के होकार. एकही मतदार आजारी नाही, परगावी नाही, चुकून उलटी खूण केलेली नाही. मतदान झालं होतं, पण नाही म्हणणाऱ्याला घरी सुखरूप जाता येईल अशी सोय नव्हती. याच्या उलट चिली बघा. ५ ऑक्टोबर १९८८ ला जनरल पिनोशे यांनी स्वतःची मुदत वाढवून घ्यायला सार्वमत घेतलं. विरोधकांना प्रचारासाठी रोज दूरचित्रवाणीवर थोडा वेळ मिळाला, मतमोजणीवर त्यांची माणसं नजर ठेवून बसली, आणि सुमारे ५६ टक्के लोकांनी नाही म्हटलं. १९९० मध्ये पिनोशे यांना राष्ट्राध्यक्षपद सोडावं लागलं. हुकूमशहा तोच, लष्कर तेच. मोजणीच्या खोलीत कोण कोण बसलं होतं, त्याने सगळं बदललं.

तिसरं कारण म्हणजे डाव संपला नव्हता. पाच वर्षांनी, किंवा चार, पुन्हा निवडणूक होणार हे त्याला ठाऊक होतं. ठरलेली मुदत हे लक्षण यादीत कुठेतरी नवव्या-दहाव्या क्रमांकावर पडलेलं असतं, पण हरणाऱ्याला शांत ठेवणारी खरी गोष्ट तीच. आज गेलेलं उद्या मिळू शकतं, असं वाटतं तोवर कुणी बंदूक उचलत नाही. भारतात आणीबाणी लादणारं सरकार १९७७ च्या निवडणुकीत हरलं आणि गेलं. तोच पक्ष त्याच नेत्या इंदिरा गांधींसह १९८० मध्ये मतपेटीतूनच परत आला. अमेरिकेत १८०१ मध्ये जॉन ॲडम्स यांच्याकडून थॉमस जेफरसन यांच्याकडे सत्ता गेली, तेव्हा एका पक्षाने दुसऱ्याला शांतपणे किल्ल्या देण्याची ती तिथली पहिलीच वेळ. ॲडम्स त्या पहाटेच शहर सोडून निघून गेले, शपथविधीला थांबले नाहीत. रुसले असतील. पण गेले. लोकशाहीला तेवढं पुरतं. हसतमुख असावं अशी अट नाही.

चौथं कारण सांगायला फार लागणार नाही, कारण त्याची एक घटनाच पुरेशी बोलकी आहे. वाद उरलाच तर दाद मागायला अशी जागा हवी, जी जिंकलेल्याच्या हाताखाली नाही. कायद्याचं राज्य, सत्ताविभाजन, स्वतंत्र न्यायालय या सगळ्यांचा इथे उपयोग. २००० मध्ये अमेरिकेची अध्यक्षपदाची निवडणूक फ्लोरिडा राज्यावर अडली. तिथल्या जवळपास ६० लाख मतांत फरक होता ५३७ चा. पाच आठवडे फेरमोजणी आणि खटले चालले, सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबरला निकाल दिला, आणि दुसऱ्या दिवशी अल गोर यांनी पराभव मान्य केला. निकाल पटला नाही असंही त्याच भाषणात सांगितलं. पुढचं दृश्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ६ जानेवारी २००१ ला उपाध्यक्ष या नात्याने संसदेच्या संयुक्त बैठकीच्या अध्यक्षस्थानी गोर स्वतःच होते. त्यांच्याच पक्षाचे काही सदस्य हरकत घ्यायला उठले, नियमाप्रमाणे एका सिनेटरची सही त्यावर नव्हती, आणि गोर यांनी एकेक हरकत फेटाळून आपल्या प्रतिस्पर्ध्याचा विजय जाहीर केला. बरोबर वीस वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच इमारतीत जमाव घुसला, कारण हरलेल्याने सही करायचं नाकारलं होतं. कायदे दोन्ही वेळेला जवळपास तेच होते.

आता बहुमताबद्दल. नोट्समध्ये 'बहुमताचे राज्य' हे लक्षण म्हणून दिलेलं असतं आणि विद्यार्थी तिथेच थांबतात. बहुमत ही निर्णयाची पद्धत आहे, परवाना नाही. इसवी सनापूर्वी ४०६ मध्ये अथेन्सच्या सभेने आर्गिनुसायची समुद्री लढाई जिंकून आलेल्या सहा सेनापतींना देहदंड दिला, कारण वादळात बुडालेल्या खलाशांना त्यांनी वाचवलं नाही. प्रत्येकाचा खटला वेगळा चालावा असा नियम होता. कुणीतरी त्याची आठवण करून दिली, तर जमाव ओरडला की लोकांना हवं ते करू न देणं हाच अन्याय. नंतर लोकांना पश्चात्ताप झाला, पण सेनापती गेले ते गेले. स्वित्झर्लंडमध्ये तर गंमतच. १९५९ मध्ये स्त्रियांना मत द्यावं का, यावर पुरुषांनी मतदान केलं आणि दोनतृतीयांश पुरुष नाही म्हणाले. देशपातळीवर तो हक्क मिळायला १९७१ उजाडलं, आणि अपेन्झेल इनररोडेन या छोट्या प्रांतात १९९० मध्ये तो न्यायालयाने दिला, कारण तिथले पुरुष हात वर करून पुन्हा पुन्हा नकार देत होते. मताने ठरवण्याच्या गोष्टी आणि मताला लावायच्याच नाहीत अशा गोष्टी यांच्यात रेघ नसेल, तर बहुमत एका दुपारीत लोकशाही मोडीत काढू शकतं.

जर्मनीत तसंच झालं. नाझी पक्षाला मुक्त निवडणुकीत निम्मी मतं कधीच मिळाली नाहीत. मार्च १९३३ मध्ये, रस्त्यावर दहशत असताना, ४३.९ टक्के. मात्र २३ मार्च १९३३ ला संसदेनेच ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंत्रिमंडळाला संसदेशिवाय कायदे करण्याचा अधिकार देऊन टाकला. साम्यवादी सदस्य तुरुंगात किंवा भूमिगत, सभागृहात गणवेशातली माणसं उभी. विरोधात मत देणारे सगळे सोशल डेमोक्रॅट. त्या अनुभवातून १९४९ च्या जर्मन राज्यघटनेत काही कलमं अशी ठेवली की ती कोणत्याही बहुमताने बदलता येत नाहीत. मानवी प्रतिष्ठा हे त्यातलं पहिलं. आणखी एक शहाणपण त्यांनी केलं: चॅन्सेलरला, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाला, काढायचं असेल तर पुढचा कोण, हे त्याच ठरावात सांगावं लागतं. नुसतं पाडायला एकत्र येता येत नाही. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले ते याच वाटेने.

एक बारीक गोष्ट वाटेत सांगून टाकतो, कारण उत्तरपत्रिकेत ती हमखास चुकते. लोकशाही आणि प्रजासत्ताक एक नाही. ब्रिटन, डेन्मार्क, जपान इथे राजे आहेत आणि लोकशाही आहे. उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात लोकशाहीही आहे आणि प्रजासत्ताकही. पाटीवरून घर ओळखू नये. लिंकन यांची 'लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी' ही १८६३ मधली ओळही लिहा, मार्क मिळतात, पण ती कसोटी म्हणून कामाची नाही. 'लोकांसाठी' राज्य चालवत नाही असं म्हणणारा हुकूमशहा अजून जन्मायचा आहे.

गुणांकडे येतो. माझ्या हिशेबी पहिला गुण सत्तांतराचा, आणि तो समजायला १९४५ चा जुलै महिना बघावा. बर्लिनजवळ पॉट्सडॅमला तीन विजेते देश युद्धानंतरच्या जगाची वाटणी ठरवायला बसले. अमेरिकेकडून ट्रुमन होते. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट वारले आणि त्याच दिवशी उपाध्यक्ष असलेल्या ट्रुमन यांनी शपथ घेतली. ब्रिटनकडून चर्चिल होते, आणि सोबत विरोधी पक्षाचे ॲटली. त्यांना आणलं होतं, कारण ब्रिटनमध्ये मतदान होऊन गेलं होतं, परदेशातल्या सैनिकांची मतं यायची असल्याने मोजणी बाकी होती, आणि कोण निवडून येईल हे कुणालाच माहीत नव्हतं. परिषद अर्ध्यावर सोडून दोघं मायदेशी गेले. २६ जुलैला निकाल लागला. युद्ध जिंकून देणारा पंतप्रधान हरला. परिषदेच्या टेबलाशी परत आले ते एकटे ॲटली. समोर सोव्हिएत संघाचे स्टालिन होते तिथेच होते. ते १९५३ मध्ये वारले तेव्हा पुढे कोण, हे ठरवण्याची काही रीतच नव्हती. गुप्त पोलिसांचे प्रमुख बेरिया यांना जूनमध्ये सहकाऱ्यांनीच पकडलं आणि डिसेंबरमध्ये गोळी घातली. एका टेबलावर तीन देश, आणि माणूस बदलण्याचे तीन प्रकार. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर म्हणत असत की राज्य कुणी करावं हा प्रश्नच चुकीचा आहे, नालायक राज्यकर्त्याला रक्त न सांडता कसं घालवता येईल ते विचारा. माझं सगळं उत्तर तिथूनच उसनं घेतलेलं आहे.

दुसरा गुण चूक दुरुस्त होण्याचा. अथेन्सवर मघाशी टीका केली, तर त्याच अथेन्सची ही गोष्ट. इसवी सनापूर्वी ४२७ मध्ये मायटिलिनी शहराने बंड केलं, ते मोडलं, आणि संतापलेल्या सभेने ठराव केला की तिथले सगळे प्रौढ पुरुष मारा, बायकामुलं गुलाम करा. जहाज रवाना झालं. रात्रभरात लोकांना आपण काय केलं याची जाणीव झाली, दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा भरली, क्लिऑन आणि डायोडोटस यांच्यात वाद झाला आणि थोड्या मतांनी ठराव फिरला. दुसरं जहाज सुटलं. वल्हवणारे वल्ही न सोडता दारू-तेलात कालवलेलं सातूचं पीठ खात राहिले, पाळीपाळीने झोपले. ते पोहोचले तेव्हा आधीचा हुकूम नुकताच वाचून झाला होता. बंडाच्या म्होरक्यांना शिक्षा टळली नाही, पण शहर वाचलं. लोकशाही चुका करत नाही असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. तिच्याकडे दुसरं जहाज असतं, एवढाच तिचा दावा. राजाने दिलेला हुकूम दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर चुकीचा ठरवायला राजाच लागतो.

हे जहाज सुटायला चूक आधी कळावी लागते, आणि इथे वर्तमानपत्रं, विरोधक, लेखापरीक्षण, सभागृहातले प्रश्न यांचं काम येतं. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं की बऱ्यापैकी मुक्त वृत्तपत्रं असलेल्या स्वतंत्र लोकशाही देशात भूकबळींचा मोठा प्रकोप कधी झालेला नाही. कारण दयाळूपणा नव्हे. उपाशी माणसाची बातमी छापली जाते आणि त्याला मत असतं, म्हणून मंत्र्याला झोप लागत नाही. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो लोक मेले, तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. चीनमध्ये १९५८ नंतर 'मोठी झेप' नावाची उत्पादनवाढीची सरकारी मोहीम राबवताना खालचे अधिकारी वरच्यांना खूश करायला पिकाचे फुगवलेले आकडे कळवत गेले, त्या आकड्यांवर धान्याची वसुली झाली, आणि काही वर्षांत कोट्यवधी माणसं उपासमारीने गेली. वर बसलेल्याला खरं सांगण्याची कुणाची छाती नव्हती. 'झपाट्याने कामं होतात' या वाक्याला माझं उत्तर हेच आहे: होतात, चुकीचीही तितक्याच झपाट्याने.

कार्यक्षम हुकूमशहाच्या वादात सिंगापूरचं नाव ठरलेलं. तिथले दीर्घकाळचे पंतप्रधान ली क्वान यू यांचं कर्तृत्व मी नाकारत नाही. पण तो युक्तिवाद सोडतीचं तिकीट लागलेल्याने सगळ्यांना तिकीट घ्यायला सांगावं तसा आहे. त्याच काळात युगांडाला इदी अमीन मिळाले, झाईरला मोबुटू, कंबोडियाला पोल पॉट. आपल्या वाट्याला कोण येईल हे आधी कळत नाही, आणि न लागलेलं तिकीट परत करता येत नाही. पन्नाशीत शहाणा असलेला हुकूमशहा सत्तरीत कसा वागेल, हेही कुणी लिहून देत नाही.

दोष आहेतच, आणि ते लपवून उत्तर लिहू नये. लोकशाहीची नजर पुढच्या निवडणुकीपलीकडे सहसा जात नाही. ज्यांना अजून मत नाही त्यांच्या माथी कर्ज आणि प्रदूषण टाकणं सोपं पडतं. पैसा जिथे तिथे शिरतो. मतदारसंघाच्या सीमा सोयीने वळवता येतात. १८१२ पासून अमेरिकेत या खोडीला गव्हर्नर गेरी यांच्या नावावरून पडलेला 'जेरीमँडरिंग' हा शब्दच आहे. आणि लोकांनाच कधी कधी मालक हवासा वाटतो. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात याच गोष्टीबद्दल बजावलं होतं: धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणात ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. राजकारणात एक माणूस एक मत आणि समाजात मात्र विषमता, या विसंगतीचा इशाराही त्याच भाषणातला. बाकी दोष, जसं की खर्चिक निवडणुका, लांबणारे निर्णय, नोट्समधून घ्या. ते खरे आहेत, पण त्यावर सांगण्यासारखं माझ्याकडे वेगळं काही नाही.

शेवटचा गुण मोजता येत नाही, म्हणून तो यादीत 'व्यक्तीची प्रतिष्ठा' अशा गुळगुळीत शब्दांत येतो. तो दिसतो कसा, ते भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पाहता येतं. १९५१-५२ मध्ये १७ कोटींहून जास्त मतदार होते आणि साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास. अशा लोकांना मत देणं हा वेडेपणा, असं म्हणणारे देशातही होते आणि परदेशातही. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर त्याचं चिन्ह लावलं. खरी अडचण आधीच, याद्या करताना आली. दारावर आलेल्या कर्मचाऱ्याला परक्याला नाव कसं सांगायचं म्हणून असंख्य बायकांनी स्वतःची नोंद 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी करवली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालवून घेतल्या नाहीत. मुदत वाढवून दिली, तरी सुमारे २८ लाख स्त्रियांनी नाव दिलं नाही, आणि त्यांच्या नोंदी खोडल्या गेल्या. तेव्हा त्यावर बरीच ओरड झाली. अजूनही काही जण तो निर्णय कठोर होता म्हणतात, आणि २८ लाख हा आकडा पाहिला की मलाही क्षणभर तसंच वाटतं. पण जिने नाव सांगितलं तिच्या बाबतीत काय झालं तेही बघा. कुळाच्या, जातीच्या, नवऱ्याच्या नावाखाली आयुष्य गेलेल्या त्या बाईसाठी सरकारी कागदावर एक ओळ कोरी ठेवली होती, आणि तिथे तिचं स्वतःचं नाव पडल्याशिवाय पुढचा रकाना भरता येत नव्हता.